पाणी रेणूंना का जमवतं: साबणाच्या द्रावणापासून सिकलसेलपर्यंत

पुण्यातल्या पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची एनसीएल, ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाली. तिचे पहिले संचालक होते जेम्स विल्यम मॅकबेन. जन्म कॅनडातला, १८८२ चा. पुण्यात आले तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. त्याआधीची सुमारे वीस वर्षं इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला आणि वीस अमेरिकेतल्या स्टॅनफर्डला गेली होती. या चार दशकांतला फार मोठा काळ त्यांनी एकाच गोष्टीला दिला होता, आणि ती गोष्ट म्हणजे साबणाचं पाणी.

स्वतंत्र भारतात राष्ट्रीय प्रयोगशाळांचं जाळं उभं करणारे शांतिस्वरूप भटनागर यांचीही १९२१ ची लंडनमधली डॉक्टरेट याच गोतावळ्यातल्या विषयावर होती. मेदाम्लांचे क्षार तेलात मिसळले की तेलाच्या पृष्ठताणाचं काय होतं, हा तो विषय. नव्या देशाच्या रसायनशास्त्राची पायाभरणी करणारी ही माणसं बादलीतल्या फेसाला क्षुल्लक समजणारी नव्हती. आजच्या व्याख्यानाची सुरुवात म्हणूनच त्या फेसापासून.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साबणाच्या द्रावणानं रसायनशास्त्रज्ञांपुढे एक विचित्र हिशेब टाकला होता. पाण्यात मीठ विरघळलं की त्याचे विद्युतभारित आयन होतात. ते किती आहेत हे मोजायच्या दोन वाटा होत्या. एक विद्युत्वहनाची: द्रावणातून वीज किती सहज वाहते. दुसरी परासरण दाबाची किंवा बाष्पदाबाची, जी पाण्यात सुटे कण किती आहेत एवढंच सांगते, मग ते लहान असोत की मोठे. मिठाच्या बाबतीत दोन्ही वह्यांचा ताळा जुळतो. साबणाचा जुळेना. वीज सांगत होती की भारित कण भरपूर आहेत. परासरण सांगत होतं की कण फारसे नाहीतच.

काहींनी मोजणीलाच दोष दिला. मॅकबेन यांनी तसं केलं नाही. मिलिसेंट टेलर, सी. एस. सामन, मेरी लैंग अशा सहकाऱ्यांबरोबर त्यांनी वर्षानुवर्षं वेगवेगळ्या लांबीच्या साबणांची, वेगवेगळ्या संहतींना, वेगवेगळ्या तापमानांना मोजणी केली. (यातल्या मेरी लैंग पुढे त्यांच्या पत्नी झाल्या आणि या विषयात लिहीत राहिल्या.) १९१३ साली मॅकबेन यांनी उत्तर मांडलं: दोन्ही वह्या खऱ्या आहेत. साबणाचे आयन सुटे राहत नाहीत, त्यांचे घोळके होतात, आणि तो अख्खा घोळका विद्युतभारित असतो. एसटीतले प्रवासी मोजले तर पन्नास, रस्त्यावरची गाडी मोजली तर एक. तिकिटं मात्र पन्नासांची फाटतात. शिवाय पन्नास माणसं चिखलातून एकेकटी चालण्यापेक्षा गाडीतून पटकन पोचतात. घोळक्यालाही पाण्याचा विरोध तुलनेनं कमी होतो, म्हणून वीज अपेक्षेपेक्षा चांगली वाहते.

या घोळक्याला त्यांनी ‘मायसेल’ म्हटलं. शब्द जुना होता, लॅटिनमधल्या ‘कणी’ किंवा ‘चुरा’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला. कल्पना मात्र नवी होती, आणि ती सहजासहजी पचली नाही. पाण्यात विरघळलेल्या गोष्टी पांगतात, हा तोवरचा धडा होता. साखर पांगते, मीठ पांगतं, अत्तराचा वास खोलीभर पांगतो. इथे मात्र पुरेसे रेणू टाकले की ते आपसूक एकत्र येत होते. कुणी ढवळून नाही, कुणी दाबून नाही.

साबणाच्या रेणूचं रूप एका वाक्यात सांगता येतं. एक टोक पाण्याशी मैत्री करणारं, विद्युतभारित. दुसरीकडे बारा ते अठरा कार्बन अणूंची तेलकट शेपटी. ही दुटप्पी रचना पाण्याच्या पृष्ठभागावर काय करते, हे आधी स्वयंपाकघरात दिसलं. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावात आग्नेस पोकेल्स नावाची तरुणी आजारी आईवडिलांची शुश्रूषा करत घर सांभाळत होती. मुलींना तेव्हा विद्यापीठाची दारं बंद होती. धाकटा भाऊ भौतिकशास्त्र शिकत होता, तो पुस्तकं पुरवायचा. भांडी धुताना पाण्यावर साचणाऱ्या तवंगाकडे तिचं लक्ष गेलं. तिनं पत्र्याचं एक उथळ तसराळं घेतलं, त्यावर सरकती पट्टी आडवी ठेवली, आणि एका छोट्याशा चकतीला पाण्यापासून उचलायला किती वजन लागतं यावरून पृष्ठताण मोजला. पट्टी सरकवून तवंग आकसला की एका ठरावीक क्षेत्रफळापाशी पृष्ठताण एकदम घसरतो, हे तिनं टिपलं. जानेवारी १८९१ मध्ये तिनं लॉर्ड रॅले यांना जर्मनमध्ये पत्र लिहिलं. रॅले यांनी ते भाषांतर करवून घेतलं, स्वतःच्या शिफारशीसह ‘नेचर’ नियतकालिकाकडे पाठवलं, आणि मार्चमध्ये ते छापून आलं. पुढे अर्व्हिंग लँगम्यूर यांना पृष्ठभागांच्या रसायनासाठी १९३२ चं नोबेल मिळालं. त्यांनी वापरलेली सुधारित तबकडी मुळात पोकेल्सबाईंच्या तसराळ्याचीच लेक. त्याच वर्षी सत्तर वर्षांच्या आग्नेस पोकेल्स यांना ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठानं मानद डॉक्टरेट दिली. ही दाद चाळीस वर्षं उशिरा मिळाली, हे स्पष्ट म्हणायला हवं.

आता आपल्या मोरीतल्या कढईकडे येऊ. भजी तळून झालेली कढई नुसत्या पाण्याखाली धरली तर पाणी तिच्यावरून घरंगळून जातं. तेल जागचं हलत नाही. साबण लावून घासलं की तेल सुटतं, पाणी दुधाळ होतं आणि सगळं वाहून जातं. आजीच्या पिढीत हेच काम चुलीतली राख करायची: एक तर ती घासते, शिवाय तिच्यातला अल्कली भांड्याच्या तेलकटपणातूनच थोडासा साबण तयार करतो. आणि केसांना, रेशमी वस्त्रांना, दागिन्यांना रिठा. रिठ्याची टरफलं रात्रभर भिजवून सकाळी कुस्करली की भांडं फेसानं भरून येतं. त्यात सॅपोनिन नावाचे रेणू असतात, एका अंगाला साखरेच्या साखळ्या आणि दुसऱ्या अंगाला तेलकट सांगाडा. साबणाचेच दूरचे नातेवाईक. या सॅपोनिनची पुन्हा गाठ पडणार आहे, तेही अगदी अनपेक्षित ठिकाणी.

घोळके होण्याला एक उंबरठा असतो, आणि तो फार नेमका असतो. शांपूत किंवा टूथपेस्टमध्ये असणारं सोडियम लॉरिल सल्फेट घ्या. साधारण २५ अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे २.३ ग्रॅमपर्यंत त्याचे रेणू एकेकटे राहतात, काही पृष्ठभागावर जाऊन शेपट्या हवेत काढतात. त्यापुढे टाकलेला जवळजवळ प्रत्येक रेणू मायसेलमध्येच जातो. सुट्यांची संख्या फारशी वाढतच नाही. एका मायसेलमध्ये साठेक रेणू, व्यास चार नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीचा सुमारे वीस हजारावा भाग. शेपट्या आत, भारित टोकं बाहेर. कढईतलं तेल या आतल्या तेलकट गाभ्यात आसरा घेतं. शेपटीत दोन कार्बन वाढवले तर उंबरठा जवळजवळ चौथ्या हिश्शावर येतो.

मायसेल म्हणजे टणक गोळी, असा समज मात्र करून घेऊ नये. त्यातून एखादा रेणू बाहेर पडायला आणि दुसरा आत शिरायला सेकंदाचा लाखावा-दहा लाखावा भाग पुरतो. बैठक चालू राहते, माणसं सारखी बदलत असतात.

मग प्रश्न उरतो तो ‘का’चा. शाळेत उत्तर मिळतं की तेलाला पाण्याचा तिटकारा असतो. हे उत्तर चूक आहे, आणि ते पाठ्यपुस्तकांतून जायला हवं. तेलाच्या आणि पाण्याच्या रेणूंमध्ये थोडं आकर्षणच असतं. पाण्यावर टाकलेला तेलाचा थेंब पसरू शकतो तो त्यामुळेच. खरी गोष्ट पाण्याच्या स्वतःच्या नात्यांत आहे. पाण्याचे रेणू एकमेकांशी हायड्रोजन बंधांनी जोडलेले असतात आणि हे हात ते सतत सोडत-धरत असतात, प्रत्येक क्षणी नव्या शेजाऱ्याशी. मध्ये तेलकट शेपटी आली की तिच्याभोवतीच्या पाण्याला तिकडे हात देता येत नाही. बंध टिकवायचे तर त्या रेणूंना ठरावीक दिशांनाच तोंड करून राहावं लागतं. उष्णतेत फारसा फरक पडत नाही. मोकळीक मात्र जाते, शास्त्राच्या भाषेत एन्ट्रॉपी घटते. दहा शेपट्या सुट्या असतील तर दहा ठिकाणी पाण्याची अशी अडचण. त्या दहा एकत्र आल्या तर भोवतालचं क्षेत्रफळ घटतं आणि अडकलेलं पाणी सुटतं. शेपट्या एकमेकींच्या ओढीनं जमतात, त्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी त्यांना आपल्यातून बाजूला सारतं म्हणून जमतात.

वॉल्टर कॉझमन यांनी १९५९ साली प्रथिनांच्या घड्यांच्या संदर्भात हा विचार ठामपणे मांडला आणि चार्ल्स टॅनफर्ड यांच्या १९७३ च्या पुस्तकानं तो सगळ्या शास्त्रशाखांत पोचवला. त्यात एक मनाला भिडणारी उलटापालट आहे. नीटस गोळा, सरळ पापुद्रा, वळलेलं प्रथिन हे सगळं सुव्यवस्थित दिसतं. पण ही व्यवस्था उभी राहते ती भोवतालच्या असंख्य पाण्याच्या रेणूंची अव्यवस्था वाढते म्हणून. एकूण हिशेबात विस्कळीतपणाच जिंकतो.

घोळक्याचा आकार कोणता, हे रेणूच्या घडणीवर ठरतं. १९७६ साली इस्राएलअश्विली, मिचेल आणि निनहॅम यांनी त्याचा सोपा हिशेब दिला: डोकं किती जागा व्यापतं आणि शेपटी किती. मोसंबीच्या फोडीसारखा निमुळता रेणू असेल तर गोळा बनतो. विटेसारखा सरळ असेल तर भिंत. एका शेपटीचा साबण गोळे करतो. दोन शेपट्यांचे फॉस्फोलिपिड दुपदरी पापुद्रा करतात, आणि पापुद्र्याच्या कडा पाण्यात उघड्या राहू नयेत म्हणून तो पापुद्रा वळून पिशवी होतो. लायडनच्या गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये रक्तपेशींमधला मेद काढून पोकेल्स-लँगम्यूर पद्धतीच्या तबकडीवर पसरला, तेव्हा त्यानं पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापली. पेशीचं आवरण दुपदरी आहे, ते असं कळलं. केंब्रिजजवळच्या बॅब्रहॅमला अ‍ॅलेक बँगहॅम यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला नुसते फॉस्फोलिपिड पाण्यात हलवले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात अशा पिशव्या दिसल्या. त्याच लायपोसोम.

२०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या हजारो कुटुंबांनी हा शब्द औषधाच्या चिठ्ठीवर वाचला. कोविडमागून म्युकरमायकोसिस आला आणि नातेवाईक लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी शोधत एका औषध दुकानातून दुसऱ्या दुकानात फिरले. औषध तेच असलं तरी त्याची बांधणी दोन तऱ्हांची असते. साध्या इंजेक्शनमध्ये ते डीऑक्सिकोलेट या पित्तक्षाराच्या आधारानं पाण्यात धरलेलं असतं आणि मूत्रपिंडांना फार त्रास देतं. लायपोसोमच्या पापुद्र्यात बसवलं की हा त्रास बराच कमी होतो. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटानं या औषधाच्या देशी लायपोसोमल रूपाच्या रुग्णांवरच्या चाचण्या त्याआधी कितीतरी वर्षं केल्या होत्या. संकट आलं तेव्हा ही विद्या देशात होती, ती त्यामुळे.

पाण्यातलं जमणं नेहमी हिताचंच असतं असं नाही. त्याची सर्वांत क्लेशकारक साक्ष गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार अशा जिल्ह्यांतली घरं देतात.

सिकलसेल हा आजार हिमोग्लोबिनचा. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी तो एका रेणूतल्या बिघाडाचा आजार असल्याचं दाखवलं. व्हर्नन इंग्रॅम यांनी काही वर्षांत बिघाडाची जागा दाखवली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं, तिथे व्हॅलिन येतं. ग्लुटामिक आम्ल विद्युतभारित, पाण्यात रमणारं. व्हॅलिन तेलकट. एवढाच फरक: रेणूच्या अंगावर तेलाचा एक ठिपका. रक्तानं ऑक्सिजन सोडला की हिमोग्लोबिनचा आकार जरा बदलतो आणि शेजारच्या रेणूवर एक तेलकट खाच उघडी पडते. ठिपका त्या खाचेत बसतो. पाणी दोघांनाही बाजूला सारतं. मग रेणूवर रेणू चढत चौदा पदरांचे लांब, ताठ दोर तयार होतात, आणि मऊ, वाटोळी रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी, कडक होऊन बारीक रक्तवाहिनीत अडकते. मूल हातपाय धरून रडतं ते त्यामुळे.

साबणासारखाच इथेही उंबरठा आहे. शरीराच्या तापमानाला, ऑक्सिजन पूर्ण सुटलेलं सिकल हिमोग्लोबिन शंभर मिलिलिटरमध्ये १६-१७ ग्रॅमपर्यंत विरघळलेलं राहतं. रक्तपेशीत ते त्याच्या दुप्पट असतं. मग प्रत्येक पेशी प्रत्येक फेरीत वाकडी का होत नाही? कारण दोर तयार व्हायला सुरुवातीला वेळ लागतो. १९७४ मध्ये हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी दाखवलं की हा वेळ संहतीवर विलक्षण तीव्रतेनं अवलंबून आहे. हिमोग्लोबिन काही टक्के पातळ झालं तरी तो दुपटीच्या घरात लांबतो. तेवढ्यात पेशी बारीक वाहिनीतून निसटून फुप्फुसाकडे परतली, तर ऑक्सिजन मिळतो आणि संकट टळतं. ‘पाणी भरपूर पी, उन्हात उपाशी-तापाशी राबू नको’ असं आरोग्यसेविका सिकलसेलच्या मुलाला सांगते तेव्हा ती याच गणिताच्या बाजूनं उभी असते. अंगातलं पाणी कमी झालं की पेशी आकसते, हिमोग्लोबिन दाट होतं आणि हाती असलेला वेळ झपाट्यानं संपतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण वाढवतं, आणि ते हिमोग्लोबिन दोरात नीट बसत नाही. काम तेच: वेळ मिळवणं.

हे दोर जमण्यामागे पाण्याचाच हात आहे, याचा पुरावा माकिओ मुरायामा यांना १९५७ मध्ये परीक्षानळीत मिळाला. ऑक्सिजनविरहित सिकल हिमोग्लोबिनचं घट्ट झालेलं द्रावण बर्फात ठेवलं की ते पुन्हा पातळ होतं. एरवी थंडीनं गोष्टी गोठतात; इथे उलट. पाण्याच्या मोकळिकीवर उभं राहिलेलं बांधकाम थंडीत ढिलं पडतं, म्हणून असं होतं. (यावरून रुग्णाला गारठ्यात ठेवणं बरं, असा अर्थ कुणी काढू नये. थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखणं वाढतं.)

आणि आता रिठ्याचा नातेवाईक. गावातल्या सिकलसेल तपासणीत पहिली चाचणी असते ती सोल्युबिलिटीची. आरोग्यसेविका छोट्या नळीत द्रावण घेते: दाट फॉस्फेट क्षार, ऑक्सिजन काढून घेणारं डायथायोनाइट आणि सॅपोनिन. बोटाला टोचून रक्ताचा बारीकसा थेंब त्यात सोडते. सॅपोनिन रक्तपेशींचा मेदाचा पापुद्रा फोडतं, हिमोग्लोबिन बाहेर येतं. पाचेक मिनिटं थांबायचं. मग नळीमागे काळ्या रेघा मारलेला कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर द्रावण नितळ आहे. धुक्याआड गेल्यासारख्या दिसेनाशा झाल्या तर हिमोग्लोबिन विरघळलेलं राहिलेलं नाही. त्यात सिकल हिमोग्लोबिन आहे. ना महागडं यंत्र, ना वातानुकूलित खोली. पाण्यात जमणाऱ्या एका प्रकारच्या रेणूंची मदत घेऊन पाण्यात जमणारे दुसऱ्या प्रकारचे रेणू डोळ्यांनी पाहण्याची ही पद्धत आहे, आणि विज्ञानात याहून सुंदर प्रयोग शाळकरी मुलाला दाखवता येतील असे फार थोडे आहेत.

नळी गढूळ झाली म्हणजे आजार आहेच असं नव्हे. वाहकाचं, म्हणजे हा बिघाड आईवडिलांपैकी एकाकडूनच आलेल्या माणसाचं, रक्तही गढूळपणा दाखवतं, म्हणून पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीनं खात्री करून घ्यावी लागते. वाहकाला स्वतःला बहुधा काही त्रास नसतो. पण आई आणि वडील दोघंही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. ज्यांचं मूळ गाव विदर्भात किंवा नंदुरबारच्या पट्ट्यात आहे, मग ते आज पुण्यात राहोत की मुंबईत, त्यांनी लग्न ठरवण्याआधी पत्रिकेसोबत ही एवढी चाचणी दोन्हीकडून करून घ्यावी. तिला एक थेंब रक्त आणि पाच मिनिटं लागतात.